नाव एका गावात, कचरा दुसऱ्यात

रविवारची संध्याकाळ. नागानोच्या डोंगरातलं एखादं गाव. तोक्योहून पंधरा दिवसांनी एकदा येणारं कुटुंब परतीची आवराआवर करतंय. भांडी धुतली, गाद्या कपाटात गेल्या, गॅस बंद झाला, आणि ओट्याखाली कचऱ्याची एक पिशवी उरली. जळाऊ कचऱ्याचे वार मंगळवार आणि शुक्रवार, तेही सकाळी आठच्या आत. पिशवी त्याच गावच्या कचेरीचं नाव छापलेली हवी, दुकानातून विकत घेतलेली. ती ठेवायची कोपऱ्यावरच्या जाळीच्या पेटीत. आणि ही पेटी बहुतेक ठिकाणी वस्तीच्या मंडळाची असते. चोनाइकाई म्हणतात त्याला. पेटी वर्गणीतून बसवलेली, कावळ्यांसाठीचं जाळं वर्गणीतून आणलेलं, धुण्याची पाळी घराघराला लावलेली. ज्याची वर्गणी नाही आणि पाळीही नाही, त्याने रविवारी रात्री गुपचूप तिथे पिशवी ठेवली तर सोमवारी सकाळी सगळ्या वस्तीला कळतं ती कोणाची. म्हणून कुटुंब पिशवी डिकीत टाकतं आणि काच खाली करून तोक्योपर्यंत वास घेत जातं.

दोन गावांत राहणाऱ्या माणसाचं गाव नेमकं कुठलं, या प्रश्नावर जपानात कायदे झाले, समित्या बसल्या, न्यायालयांत भांडणं झाली. तरी हा प्रश्न सगळ्यात लख्ख दिसतो तो या पिशवीत.

जपानातल्या प्रत्येक रहिवाशाचं नाव एका आणि एकाच गाव-शहराच्या दप्तरात असतं. सध्याची नोंदवही १९६७च्या कायद्याची. तिचा उतारा म्हणजे जुमिनह्यो. आपल्याकडे रेशनकार्ड, मतदार यादी, आधार आणि वीजबिल मिळून जे काम करतात ते तिथे हा एक कागद करतो. गाव बदललं की जुन्या कचेरीत ‘निघालो’ असा अर्ज द्यायचा, तिथला दाखला घ्यायचा, आणि नव्या घरी राहायला लागल्यापासून १४ दिवसांत नव्या कचेरीत ‘आलो’ असा अर्ज करायचा. माय नंबर कार्ड, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, असेल तर २०२३पासून पहिला अर्ज मोबाइलवरून जातो. दुसऱ्यासाठी मात्र खिडकीपाशी जातीने उभं राहावं लागतं. योग्य कारणाशिवाय उशीर केला तर ५० हजार येनपर्यंत दंड.

या एका खुंटीला बरंच काही टांगलेलं आहे. मत तर आहेच, पण सलग तीन महिने नोंद असल्याशिवाय नव्या गावच्या मतदार यादीत नाव चढत नाही. सरकारी आरोग्य विमा, म्हातारपणीच्या देखभालीचा विमा, पोरांची शाळा, लसीकरणाची पत्रं, सगळं नोंदीच्या मागोमाग येतं. आणि कर. १ जानेवारीला तुमचं नाव ज्या दप्तरात, त्या वर्षीचा रहिवासी कर त्या गावाला. करपात्र उत्पन्नाच्या १० टक्के, त्यातले सर्वसाधारणपणे ६ टक्के गावाचे आणि ४ प्रांताचे. वर दरडोई ५ हजार येन. २ जानेवारीला बिऱ्हाड हलवलं तरी वर्षभराचं देणं जुन्याच गावाचं. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी एकाच दिवशी हे दप्तर डोळे उघडून माणसं मोजतं, आणि उरलेले दिवस तुम्ही कुठे घालवता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पत्ता म्हणजे काय, हे जपानची नागरी संहिता एका ओळीत उरकते: माणसाच्या जगण्याचं मुख्य ठिकाण. मुख्य म्हणजे एकच, हे गृहीत. १९५४ साली वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचं मत कुठलं, आईबापांच्या गावचं की वसतिगृह ज्या गावात आहे तिथलं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने वसतिगृहाच्या गावाच्या बाजूने कौल दिला. त्या काळी ते सुधारणेचं पाऊल होतं. पोरगं जिथे राहतं तिथे त्याचा आवाज असावा, इतकाच मुद्दा होता. पण कंपासाचा एक पाय रोवलेला असतो आणि दुसरा फिरतो, हे चित्र त्यातून आणखी पक्कं झालं. दोन्ही पाय अर्धे अर्धे रोवलेले असू शकतात, याचा विचार करायला तेव्हा कारण नव्हतं. गावं भरलेली होती.

आता नाहीत. जपानची लोकसंख्या २००८च्या सुमारास शिखरावर होती, १२ कोटी ८० लाख. २०२४ साली देशभरात ६ लाख ८६ हजार बाळं जन्मली आणि जननदर १.१५वर आला. त्या एका वर्षात दप्तरातले जपानी नागरिक ९ लाखांनी घटले. सरकारी भाषेत ‘कासो’, म्हणजे माणसं विरळ होत चाललेली, अशी गावं-शहरं २०२२ साली ८८५ होती. एकूण १,७१८ पैकी निम्म्याहून जास्त. रिकामी घरं २०२३च्या पाहणीत ९० लाख भरली, दर सात घरांतलं एक. २०१४ साली माजी मंत्री मासुदा हिरोया यांच्या गटाने ८९६ गावा-शहरांची यादी काढून ती ‘नाहीशी होऊ शकतात’ असं जाहीर केलं तेव्हा देश हादरला. दहा वर्षांनी नवी यादी आली, तीत ७४४ नावं होती. कसोटी तीच: पुढच्या तीसेक वर्षांत २० ते ३९ वयाच्या बायकांची संख्या निम्म्याने किंवा अधिक घटणार का. गावाचं आयुष्य तरुण बायकांच्या हजेरीवर मोजायचं आणि त्या गाव सोडून का गेल्या हे विचारायचं नाही, ही त्या याद्यांमधली मोठी गोम. पण ते राहू दे.

माणसं नव्याने निर्माण होत नाहीत म्हटल्यावर, आहेत ती वाटून घ्यावीत, असा विचार पुढे आला. शहरातला माणूस कायमचा गावी येणार नाही. मग तो महिन्यातून चार दिवस तरी यावा, आणि त्या चार दिवसांची कुठेतरी नोंद व्हावी. तिथे राहत नाहीत पण गावाशी ये-जा आणि जिव्हाळा टिकवून आहेत अशा माणसांना जपानात ‘कान्केई जिंको’ म्हणतात. नात्यातली लोकसंख्या म्हणू या.

दुहेरी नोंदणीची मागणी मात्र या गोडगोड विचारातून आली नाही. ती फुकुशिमातून आली.

मार्च २०११. अणुभट्टीच्या अपघातानंतर फुताबा हे सुमारे ७ हजार वस्तीचं गाव अख्खंच्या अख्खं रिकामं झालं. गावाची कचेरी आधी साइतामा प्रांतात, काझो शहरातल्या एका बंद पडलेल्या हायस्कूलच्या इमारतीत गेली, तिथून २०१३ साली फुकुशिमा प्रांतातल्याच इवाकी शहराला, आणि २०२२च्या सप्टेंबरात अकरा वर्षांनी परत फुताबात आली. माणसं देशभर पांगली. आता त्यांच्यापुढे प्रश्न असा: जिथे आसरा मिळाला तिथे नाव नोंदवावं तर फुताबाशी नातं तुटलं, मत गेलं, आणि गावाच्या भवितव्यावर बोलण्याचा हक्कही गेला. नोंद फुताबातच ठेवावी तर इवाकीत शाळा आणि दवाखाना कुठल्या कागदावर मागायचा? इवाकीच्या जुन्या रहिवाशांचीही तक्रार खोटी नव्हती. रस्ते यांनी वापरायचे, दवाखान्याच्या रांगा यांच्यामुळे वाढायच्या, आणि कर आमच्या तिजोरीत नाही.

ऑगस्ट २०११मध्ये एक विशेष कायदा झाला. इवाकी, मिनामिसोमा, नामिए, इइताते, फुताबा अशा १३ गावा-शहरांतली माणसं नोंद न हलवता बाहेर राहिली, तर ठरावीक सेवा त्यांना आसरा देणाऱ्या गावाने पुरवायच्या. देखभाल विम्याची पात्रता तपासणं, लसीकरण, शाळाप्रवेश वगैरे. म्हणजे दुसरी नोंद दिली नाही, पण दुसऱ्या नोंदीने जे मिळालं असतं त्यातलं पुष्कळसं हातावर ठेवलं. २०१४ साली जपानच्या विज्ञान परिषदेने आणखी पुढे जाऊन दीर्घकाळ विस्थापित असणाऱ्यांना दोन्ही गावांत रहिवासी मानावं अशी शिफारस केली. सरकार हललं नाही. अडचणी तीन सांगितल्या जातात आणि त्या नुसत्या सबबी नाहीत. मत दोनदा कसं द्यायचं? कर कसा वाटायचा? आणि स्थानिक प्रतिनिधी ‘रहिवाशांनी’ निवडायचे असं राज्यघटना म्हणते, तर अर्धा रहिवासी बसवायचा कुठे? आज फुताबाच्या दप्तरात ५ हजारांवर नावं आहेत आणि गावात प्रत्यक्ष राहणारे दोनशेच्या आसपास. एक गाव कागदावर जिवंत आहे, आणि ते कागदावर आहे म्हणूनच त्याला कचेरी आणि अर्थसंकल्प आहे. कागदी गाव म्हणून हसण्यासारखं यात काही नाही.

पैशाच्या बाजूने जपानने दुसरं गाव आधीच मान्य केलं होतं. २००८पासून ‘फुरुसातो नोझेई’ चालू आहे, म्हणजे मूळ गावचा कर. नावात कर आहे, प्रत्यक्षात ती देणगी. तुम्ही कुठल्याही गावाला पैसे द्या. मर्यादेत असाल तर २ हजार येन वगळता बाकी रक्कम तुमच्या करातून वजा होते. पाचपेक्षा जास्त गावांना दिलं नसेल तर पगारदाराला विवरणपत्रही भरावं लागत नाही. पहिल्या वर्षी जमले ८१० कोटी येन. २०२४-२५मध्ये १ लाख २७ हजार कोटी. मूळ कल्पना अशी की खेड्याने वाढवलेला मुलगा शहरात कमावतो, तर त्याच्या कराचा घास खेड्याला मिळावा. झालं असं की गावं परतभेटीत एकमेकांवर चढाओढ करू लागली. गोमांस, खेकडे, तांदूळ. ओसाकाजवळच्या इझुमिसानो शहराने तर भेटकार्डं वाटून एका वर्षात ४,९७० कोटी येन गोळा केले. जून २०१९पासून भेटीची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांवर आणि एकूण खर्च ५० टक्क्यांवर बांधला, म्हणजे अजूनही देणगीचा जवळपास निम्मा भाग खेकड्यांत, टपालात आणि संकेतस्थळांच्या दलालीत जाऊ शकतो. इकडे तोक्योच्या सेतागाया विभागाला वर्षाला १ हजार कोटी येनहून जास्त फटका बसतो. बहुतेक शहरांना अशा तोट्यापैकी ७५ टक्के केंद्राच्या अनुदानातून भरून मिळतात, पण तोक्योचे विभाग ‘श्रीमंत’ म्हणून त्या अनुदानाबाहेर. देणगी देणाऱ्या बहुतेकांनी ते गाव पाहिलेलंही नसतं. खेकडा पाहिलेला असतो.

मग २०२४चा कायदा आला, दोन प्रदेशांत राहण्याला चालना देणारा. मे महिन्यात संमत, १ नोव्हेंबरपासून लागू. त्याची यंत्रणा अशी: आधी प्रांताने आपल्या विकास आराखड्यात हा विषय घ्यायचा, मग गावाने ‘विशिष्ट निवास’ आराखडा करायचा, त्यासाठी एखादी सेवाभावी संस्था किंवा घरांचा व्यवहार करणारी कंपनी मदतनीस म्हणून नेमायची, मालकाची संमती असेल तर रिकाम्या घरांची माहिती त्या संस्थेला द्यायची, आणि सगळ्यांना धरून एक समन्वय मंडळ बसवायचं. घर, रोजगार आणि शेजार या तीन अडथळ्यांवर हे औषध. कायद्यात घरांचं सविस्तर आहे, कामाच्या जागांचं आहे. नोंदीचं काही नाही. दोन गावांत राहा म्हणणाऱ्या कायद्यानेही नाव एकाच दप्तरात ठेवलं.

नोंदीचा विषय जून २०२५मध्ये वेगळ्या दाराने आला. तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांच्या सरकारच्या आराखड्यात ‘फुरुसातो रहिवासी नोंदणी’ जाहीर झाली. मोबाइलवर ॲप, त्यावर आपल्या जिव्हाळ्याच्या गावी नाव नोंदवायचं, एकाहून अधिक गावं चालतील. दहा वर्षांत १ कोटी माणसं जोडायची. कल्पना अगदी नवी नव्हती. २०१६ साली तोत्तोरी प्रांतातल्या हिनो या लहानशा गावाने ‘मूळगावचा रहिवासी दाखला’ द्यायला सुरुवात केली होती आणि नंतर इइतातेसारख्या गावांनीही तो उचलला. दाखल्यावर गावाचं वार्तापत्र घरी येतं, सार्वजनिक ठिकाणी स्थानिकांचा दर लागतो, गावाच्या योजनांवर मत कळवता येतं. मतदान नाही, कर नाही, विमा नाही. नवी राष्ट्रीय नोंदणीही त्याच जातीची: खऱ्या जुमिनह्योला धक्का लावायचा नाही.

सावध सरकारने सावध पाऊल टाकलं, यात वाईट काही नाही. पण ॲपवरच्या नावाने गावाला नेमकं काय मिळतं? जपानी खेड्यात वर्षातून काही ठरलेले दिवस असतात. वसंतात पाटांतला गाळ काढायचा, उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत कापायचं, सणाआधी देवळाचं आवार झाडायचं. घरटी एक माणूस. जो येत नाही त्याने पुष्कळ वस्त्यांत गैरहजेरीचे पैसे भरायचे, ‘देबुसोकु-किन’, दिवसाला काही हजार येन. मुकादमाच्या वहीत खूण होते. वस्तीतल्या वीस घरांपैकी बारा बंद आणि उरलेल्या आठांत सहा माणसं पंच्याहत्तरीपुढची, तेव्हा पैसे भरणारे कितीही निघाले तरी गवत कापणारा कोणी नसतो. गवत कापलं नाही तर पाट तुंबतो, पाट तुंबला की खालच्या खाचराला पाणी नाही, आणि ज्या वर्षी खालचा शेतकरी लावणी सोडतो त्या वर्षापासून रानडुकरं वस्तीच्या आणखी जवळ येतात. दुसरी नोंद जर कुठे असायलाच हवी तर ती या वहीत. ज्याचं नाव जुलैच्या गवतकापणीला दोन वर्षं लागलं, त्याची कचऱ्याची पिशवी पेटीत घ्यायला कोणी हरकत घेत नाही. नव्या आराखड्यात नुसतं नाव नोंदवणारा आणि गावात येऊन हात लावणारा असा फरक केलेला आहे, म्हणजे हे कोणाच्या तरी लक्षात आलेलं दिसतं. पण गवत कापल्याची खूण तोक्योतल्या सर्व्हरवर कोण करणार, मुकादमच ना? आणि तो ८१ वर्षांचा.

कराचं म्हणाल तर एक लहानशी तरतूद कधीचीच आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. ज्या गावात तुमची नोंद नाही पण तुमच्यासाठी कायम तयार असलेलं घर आहे, तिथे दरडोई भाग, साधारण चार-पाच हजार येन, दरवर्षी भरावा लागतो. रस्ते आणि अग्निशमन दल तुम्हीही वापरता, हे कारण. उलट बाजूने, घर ‘बंगला’ ठरतं की ‘दुसरं घर’, यावर जमिनीची करसवलत ठरते. महिन्यातून निदान एक दिवस राहण्यासाठी वापरत असाल तर ते दुसरं घर, आणि २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचं करमूल्य एकषष्ठांशावर येतं. फक्त सुट्टीत मौजेला येत असाल तर बंगला, सवलत नाही. हे आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, आणि कचेरी वीज-पाण्याची बिलं किंवा प्रवासाच्या पावत्या मागू शकते. हिवाळ्यात तीन महिने कोणी फिरकलं नाही की बिलांचा आकडा सपाट दिसतो आणि सवलत अडकते. आतामी हे समुद्रकाठचं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं शहर तर १९७६पासून बंगलेवाल्यांकडून चौरस मीटरला वर्षाला ६५० येन वेगळा कर घेतं. म्हणजे एका गावात दुसऱ्या घराला आमंत्रण, दुसऱ्यात त्याच्यावर पट्टी.

खरीखुरी दुहेरी नोंदणी पाहायची तर जर्मनीत. तिथे मुख्य निवास आणि दुय्यम निवास असे दोन्ही दप्तरात लिहिले जातात, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. जपानने ज्याची इतकी धास्ती घेतली ते तिथे रोजचं आहे. मग तिथल्या ओस पडणाऱ्या गावांना त्याचा फायदा झाला का? १९७३ साली बोडेन सरोवराकाठच्या युबरलिंगेनने दुय्यम घरांवर कर बसवला. सुट्टीतल्या पाहुण्यांनी गावच्या खर्चाला हातभार लावावा म्हणून. पुढे हे शस्त्र मोठ्या शहरांच्या आणि विद्यापीठाच्या गावांच्या हाती लागलं. बर्लिन २०१९पासून निव्वळ भाड्याच्या १५ टक्के घेत होतं, २०२५पासून २० टक्के घेतं. राज्याकडून येणारं अनुदान मुख्य निवासाच्या डोक्यांवर मोजलं जातं, त्यामुळे शहरांना कर नकोच असतो, विद्यार्थ्याचं डोकं हवं असतं. कर बसला की विद्यार्थी कटकट नको म्हणून मुख्य निवास शहरात हलवतो, काही शहरं त्यासाठी वर बक्षिसीही देतात, आणि आईबापांच्या खेड्याच्या दप्तरातून एक नाव कमी होतं. २००५मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने नोकरीपायी दुसऱ्या गावात खोली घेऊन राहणाऱ्या विवाहितांना या करातून सोडवलं, कारण त्यांना कुटुंबाचं घर सोडून मुख्य निवास हलवताच येत नाही. दोन ओळींचं दप्तर ठेवलं खरं, पण अनुदान पहिल्याच ओळीवर चालत राहिलं. त्यामुळे दुसरी ओळ ही पहिलीकडे ढकलण्याची जागा झाली. जपानने हा धडा घ्यायचा तर ॲपच्या आधी अनुदानाचं सूत्र हातात घ्यावं लागेल. तिथेही केंद्राचं अनुदान पाच वर्षांच्या जनगणनेतल्या डोक्यांवर बऱ्याच अंशी ठरतं आणि महिन्याला सहा दिवस येणारा त्यात शून्य मोजला जातो.

शाळेच्या बाबतीत मात्र जपानने एक सुरेख वाट काढली आहे. तोकुशिमा प्रांताने २०१६ साली ‘दुहेरी शाळा’ सुरू केली. मुलाची नोंद शहरातच राहते. काही आठवड्यांपुरतं ते मिनामीसारख्या समुद्रकाठच्या गावातल्या शाळेत बसतं, तिथली हजेरी मूळ शाळेत धरली जाते. कायद्यात हद्दीबाहेर शिकण्याची तरतूद आधीपासून होती, ती फक्त वापरली. अडतं ते भलतीकडेच: पाठ्यपुस्तकं भागाभागाने वेगळ्या प्रकाशकांची असतात, त्यामुळे अपूर्णांक तोक्योत आधी होऊन जातात आणि गावात अजून यायचे असतात. मुलाला एक धडा दोनदा आणि एक कधीच नाही, असं होऊ नये म्हणून दोन्ही वर्गशिक्षकांना आधी फोनवर बसून तक्ता जुळवावा लागतो. तोक्योच्या मंत्रालयातून हा फोन कोणी करू शकत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना लांजा-राजापूर आठवलं नाही तरच नवल. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि रत्नागिरी जिल्हा ४.८ टक्क्यांनी घटला, १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. सिंधुदुर्गही २.२ टक्क्यांनी घटला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. बाकीचे पुरुष कुठे होते ते चतुर्थीच्या आधी दादर-ठाण्याच्या फलाटांवर दिसतं. आपल्याकडे जपानसारखी रहिवासी नोंदवही नाही, पण दोन उंबरठ्यांचा गुंता आहेच. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये चाकरमान्याच्या नावावर, घरपट्टीही त्याची. मत मुंबईत. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्टच सांगतं की केवळ घर मालकीचं आहे म्हणून कोणी त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. कलम १७ म्हणतं, दोन मतदारसंघांत नाव नको. ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचं नाव पंचायतीच्या मतदार यादीत. म्हणजे घरपट्टी भरणारा चाकरमानी ग्रामसभेत बसेल, चहा घेईल, बोलेलही, पण ठरावाला त्याचा हात मोजायचा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदानाची राज्याराज्यांत वाटणी करताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं; बंद घराला वजन नाही. १ मार्च २०२७च्या जनगणनेतही माणूस राहत्या ठिकाणीच मोजला जाईल.

आणि तरीही कोकणातल्या वाड्यांनी दुहेरी नोंदणी कधीच करून टाकलेली आहे, कुठल्याही ॲपशिवाय. मुंबई मंडळ. परळ-लालबागच्या चाळीतल्या खोलीत जमणारी, आता नालासोपारा-दिव्याला सरकलेली. घरटी वर्गणी, वर्गणीची वही, थकबाकीदारांची नावं शिमग्याला मोठ्याने वाचायची. देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी, स्मशानाची शेड, बोअरवेल या वर्गणीतून झाली. जपानला अलीकडे जी सापडली ती नात्यातली लोकसंख्या इथे शंभर वर्षांपासून आहे, आणि तिची दुखणीही तितकीच जुनी आहेत. पैसा मुंबईकरांचा, म्हणून निर्णय मुंबईत. अंग मात्र गावात राहणाऱ्यांनी मोडायचं. मंडळ ठरवतं सभामंडपाला ग्रॅनाइट, गावातल्या बायका म्हणतात आधी विहिरीचा पंप. सभेला पुरुष, गावात राहतात बायका. दोन गावांचा रहिवासी म्हणताना घरातला नेमका कोण, हे ना तोक्योच्या आराखड्यात नीट विचारलेलं आहे ना मंडळाच्या इतिवृत्तात.

पुन्हा नागानोतल्या त्या घराकडे. कचऱ्याची पिशवी डिकीत गेली, पण डिसेंबर असेल तर अजून निघता येत नाही. तापमान शून्याखाली चार अंशांवर गेलं की नळ्यांतलं पाणी गोठून फुगतं आणि नळी फुटते, म्हणून घरातलं पाणी उपसून जायचं. आधी गिझर बंद. मग मुख्य निचरा-कॉक, बहुधा स्वयंपाकघराच्या जमिनीत किंवा बाहेर भिंतीलगत, फिरवायचा. त्याने घरात येणारं पाणी तुटतं आणि नळ्यांत असलेलं जमिनीखालच्या खडीत झिरपून जातं. मात्र वरचे सगळे नळ उघडले नाहीत तर हवा आत येत नाही आणि पाणी नळीतच लोंबकळत राहतं. पुष्कळ नळ्या फुटतात त्या या एका विसरण्याने. गरम-थंड एकत्र असलेल्या नळाची दांडी बरोब्बर मधे ठेवायची, नाहीतर एकच बाजू रिकामी होते. शॉवरचं डोकं खाली सोडायचं. संडासाची टाकी ओढून रिकामी करायची आणि भांड्यात, मोरीच्या वाकड्या नळीत न गोठणारं द्रव ओतायचं. गिझरच्या खालची बुचं काढायची, आणि ती हरवू नयेत म्हणून त्यालाच दोऱ्याने बांधून ठेवायची. शेवटी परत एकदा त्या कॉककडे जायचं, कारण तो अडकेपर्यंत पूर्ण फिरला पाहिजे. अर्धवट राहिला तर पाणी घरातही येत नाही आणि थांबतही नाही. जमिनीखाली मुकाट वाहत राहतं, आणि ते कळतं दोन महिन्यांनी, बिल तोक्योच्या पत्त्यावर आल्यावर.